धा म्हणजे दहा

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. मनीषापाशीही नाही — बायको आहे माझी, आणि माझं सगळं आपल्याला माहीत आहे असं तिला वाटतं. तात्यांपाशी, म्हणजे वडिलांपाशी, तर नाहीच. एकदा गावाहून, धारूरहून, पुण्याला निघालो होतो, गाडीत शेजारी एक अनोळखी म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना सांगून टाकावं असं वाटलं. केजपर्यंत मी मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत बसलो. केजला ते उतरून गेले. मला हायसं वाटलं — आणि त्या हायसं वाटण्याचीच मग पुण्यापर्यंत किळस येत राहिली.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असेल. फार धाडसाचं कारण नाही ते.

मी प्रोग्रामर. पुण्यात एकाच कंपनीत बारा वर्षं काढली, आणि त्या बारा वर्षांत काम एकच — परदेशातल्या एका विमा कंपनीचा जुनापुराणा प्रोग्राम चालू ठेवायचा. तो कुठं अडतो, कुठं हात लावला की दुसरीकडंच दुखतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नवी पोरं मला विचारायला यायची. मला वाटायचं, आपण हुशार आहोत. मग एके दिवशी त्या विमा कंपनीनं तो प्रोग्रामच बंद केला. मला एका काचेच्या खोलीत बोलावलं, गोड बोलले, ओळखपत्र जमा करून घेतलं. तेव्हा कळलं, मला जे येत होतं त्याची आता कुठंच गरज उरलेली नव्हती.

मुलाखती दिल्या. समोर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान माणसं. "सर, मागच्या दोन-तीन वर्षांत नवीन काय शिकलात?" सर म्हणायचे, तेच जास्त लागायचं. घरी येऊन कोर्स लावायचो. एक, दुसरा, तिसरा. तिन्ही तिसऱ्या-चौथ्या धड्याला सोडून दिले. अवघड होते म्हणून? नाही. धडा सुरू झाला की आपल्याला काही येत नाही हे आधी कबूल करावं लागायचं, आणि ते मला जमायचं नाही.

त्यातच तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मनीषाची नोकरी, मुलीची शाळा — त्या दोघी पुण्यातच राहिल्या आणि मी धारूरला आलो. तात्या एके काळी पंचायत समितीवर होते. आता पद नाही, पण सकाळी ओट्यावर चार माणसं असतातच. नोकरी गेल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. घरूनच काम करतो म्हणालो. माडीवर लॅपटॉप उघडून बसायचो. खाली माणसं आली की कानाला हेडफोन लावून रिकाम्या पडद्याशी इंग्रजीत बोलायचो — येस, येस, आय विल चेक. खालून तात्यांचा आवाज यायचा, "हळू बोला बे, पोरगं मीटिंगमधी हाय." आणि ओट्यावरची माणसं खरंच हळू बोलायची. माझ्यासाठी.

याची लाज वाटतेच. पण मी हे सांगायला आलेलो नाही. ही लाज सोपी आहे, हसून सांगता येते. म्हणून तर इथंच रेंगाळतोय.

तिचं नाव शिवकांता.

बाजारपेठेत अप्पांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. अप्पा तात्यांचे जुने दोस्त, शिवकांता त्यांची धाकटी मुलगी. अंबाजोगाईला कॉम्प्युटरची पदवी घेऊन आली होती आणि दोन वर्षांपासून दुकानात बसत होती. दिवसभर गिऱ्हाईक, मधल्या वेळात फोनवर धडे. एक दिवस अप्पा ओट्यावर येऊन म्हणाले, "इंजिनियरसाहेब, आमच्या पोरीला जरा बघा की. लई डोकं चालतंय तिचं, पण आमाला त्यातलं काय कळतंय?" मी काही बोलायच्या आत तात्यांनीच परस्पर हो म्हणून टाकलं.

मी गेलो तो शिकवायला म्हणून. खताच्या पोत्यांमागं एक टेबल, त्यावर तिचा लॅपटॉप. आणि तिनं मला जे दाखवलं —

थांबा. हे नीट सांगितलं पाहिजे. निदान इथं तरी.

धारूरच्या डोंगरात सीताफळ पिकतं. बरंचसं बांधावरचं, उतारावरचं. कुणाची दहा झाडं, कुणाची पन्नास. फळाचे डोळे उघडले की दोन-तीन दिवसांत ते बाजारात पोचलं पाहिजे, नाहीतर गेलं. वस्त्या लांब-लांब. टेम्पो कधी भरल्या पाट्या सोडून जायचा, कधी रिकामाच डोंगर चढून परत यायचा. शिवकांतानं असं काही केलं होतं की संध्याकाळी बायांनी फोनवर नुसतं बोलायचं — मी कोण, वस्ती कुठली, उद्या पाट्या किती. सकाळी टेम्पोवाल्याच्या हातात यादी तयार. लिहिता-वाचता येण्याची गरजच नाही.

पण बोलणं ओळखणारे जे तयार प्रोग्राम मिळतात, त्यांना आमच्याकडचं बोलणं कळत नव्हतं. "त्याला धा म्हणलेलं कळतच न्हाई, दादा," ती म्हणाली. "दहा म्हणा म्हणतंय. आता आमच्याकडं दहा म्हणतंय कोण?" धा, ईस, पंचईस. म्हाताऱ्या बाया तर विसांनीच मोजायच्या — दोन ईसा अन् पाच. म्हणून ही पोरगी स्कूटी घेऊन वस्त्यावस्त्यांवर गेलती. बायांच्या शेजारी बसून, शेंगा फोडता-फोडता, त्यांच्याकडून आकडे म्हणवून घेतले होते आणि फोनवर साठवले होते. वर्षभर. मग त्या आवाजांवर तिनं आपला प्रोग्राम शिकवून तयार केला. त्याला जे नवं तंत्र लागतं ते मी तीनदा शिकायला घेऊन तीनदा सोडलेलं होतं.

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, छान आहे. हे तसं आता सगळेच करतात.

रोज जाऊ लागलो. तिला वाटायचं मी शिकवतोय. काही गोष्टी खरंच शिकवल्या मी. फायली नीटनेटक्या कशा ठेवायच्या, एखादा बदल करायच्या आधी काय तपासायचं, एखादी बाई काहीच न बोलता फोन ठेवून देईल तेव्हा काय करायचं. बारा वर्षांत एवढं कमावलं होतं. बाकीचं मात्र मीच तिच्याकडून शिकत होतो, आणि तसं एकदाही म्हणालो नाही. तिनं नवीन काही दाखवलं की नुसती मान हलवायची, घरी येऊन ते शोधून वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी तिलाच समजावून सांगायचं. ती वहीत लिहून घ्यायची. स्वतःचंच.

त्या हंगामात पाच-सहा वस्त्यांनी तिचा प्रोग्राम वापरला. टेम्पो वेळेवर जाऊ लागला. सोनाबाई नावाची एक म्हातारी, तिची डोंगरात वरच्या अंगाला झाडं आहेत, ती एक दिवस मुद्दाम दुकानात आली. शिवकांताच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "माजं बोलणं त्या यंत्राला कळलं गं बाई." मी शेजारीच उभा होतो. मला भरून आलं होतं. खरंच आलं होतं — हेही सांगायला हवं, कारण मी काय करतोय हे मला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते काम किती मोलाचं आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हिवाळ्यात पुण्याच्या एका कंपनीकडून बोलावणं आलं. शेतकऱ्यांनी फोनवर बोलून विचारायचं आणि त्यांना बोलूनच उत्तर मिळायचं, अशी काहीतरी सेवा ते बनवत होते. मुलाखत ऑनलाइन होती. त्यांनी विचारलं, या विषयात तुम्ही स्वतः काही केलंय का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — हो, केलंय.

नाही. निघून गेलं नाही.

इतके दिवस मी स्वतःलाही असंच सांगत आलो. गांगरलो, बोलून बसलो, मग माघार घेता आली नाही. ऐकायला बरं वाटतं. खरं वेगळं आहे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी, तात्या जेवून आडवे झाल्यावर, मी माडीवर जाऊन बसलो. शिवकांतानं तपासायला म्हणून दिलेली तिच्या सगळ्या कामाची प्रत माझ्याकडं होती. अशा कामासोबत एक नोंद आपोआप होत जाते — कोणती ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली. त्या नोंदीत वरपासून खालपर्यंत तिचं नाव होतं. मी ती नोंद पुसली. नवी सुरू केली, माझ्या नावानं. मग एकेक फाईल उघडून वरचं तिचं नाव काढलं. एका फाईलमध्ये तिनं स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती: धा म्हणजे दहा, सोनाबाईला विचारून खात्री केली. त्यातलं सोनाबाईचं मी खोडलं. धा म्हणजे दहा, एवढं ठेवलं. ते चांगलं दिसत होतं.

किती वेळ लागला असेल याला? शेजारी ठेवलेला चहा अजून कोमट होता.

दुसऱ्या दिवशी मी ते काम माझं म्हणून दाखवलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडम खूश झाल्या. ही कल्पना सुचली कशी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की वस्त्यावस्त्यांवर फिरलो, बायांशेजारी बसलो. शेंगा फोडल्याचंसुद्धा सांगितलं.

नोकरी मिळाली. तात्यांनी पेढे वाटले. शिवकांताला मी म्हणालो, नव्या कंपनीत जातोय. तिला आनंद झाला. कुणाचा आनंद खोटा असला तर कळतो ना आपल्याला? तिचा अजिबात खोटा नव्हता. म्हणाली, "दादा, तिथं माझ्यासारखीसाठी जागा निघाली तर सांगाल का?" सांगतो की, म्हणालो.

जागा दोनदा निघाली. मी सांगितलं नाही.

तिसऱ्या वेळी तिनंच कुठंतरी जाहिरात पाहिली आणि अर्ज केला. मला कळवलं नाही, निवड झाल्यावर एकदम सांगून मला चकित करणार होती. हे मला नंतर अप्पांकडून समजलं. अर्जासोबत तिनं आपलं काम जोडलं होतं. दुसरं काय जोडणार?

मॅडमनी मला बोलावून घेतलं. आता त्या माझ्या वरिष्ठ होत्या. त्यांच्या पडद्यावर शिवकांताचं काम उघडं होतं. त्यांच्या टेबलावर एक अर्धवट सोललेलं संत्रं होतं, ते मला आजही दिसतं, कारण सगळा वेळ मी त्याकडंच बघत होतो.

"हे तुमच्यासारखं नाही, तेच आहे," मॅडम म्हणाल्या. "बायकांचे आवाजसुद्धा तेच. मुलगी तुमच्या धारूरचीच आहे. ओळखता?"

दोन शब्द पुरे होते. तिचंच आहे. नोकरी गेली असती, तोंड काळं झालं असतं, तात्यांना कळलं असतं. पण शब्द दोनच होते.

"ओळखतो," मी म्हणालो. "गावाकडं शिकवायचो तिला. सरावासाठी मीच दिलं होतं ते."

मॅडम हळहळल्या. तुम्ही विश्वासानं दिलंत आणि बघा, असं म्हणाल्या. मला सहानुभूती दाखवली. मी ती घेतली.

शिवकांताला कंपनीचं पत्र गेलं — दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवल्यामुळं तुमचा अर्ज बाद करत आहोत. त्याच दिवशी दुपारी तिचा मला फोन आला. पडद्यावर तिचं नाव दिसलं. कळलं हिला. संपलं.

तिला काहीही कळलेलं नव्हतं. ती मदत मागायला फोन करत होती.

"दादा, त्यांचा कायतरी घोळ झालाय. तुमी तिथंच हाव ना? तुमी सांगा त्यांना. माझ्याकडं सगळ्या तारखा हायत, पहिल्या दिवसापासूनच्या. पाठवू का?"

त्या तारखा मी विसरलोच होतो. माझ्याकडच्या प्रतीतली नोंद मी पुसली होती, तिची तिच्याकडं शाबूत होती. तिनं ती पाठवली असती तर दहा मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं.

मी म्हणालो, पाठवू नकोस. वाद घातलास तर सगळ्या कंपन्यांत नाव खराब होईल. मी बोलतो त्यांच्याशी. तोवर ते काम बंद कर, नेटवर आहे तेही काढून टाक. टेम्पोचंही नको सध्या. कुणाला दाखवू नकोस.

ती म्हणाली, "तुमी म्हणता तर काढते."

आणि तिनं काढलं. माझी चोरी मी तिच्याच हातांनी झाकून घेतली. आठ दिवसांनी फोन करून तिला सांगितलं, बोललो गं मी, पण ऐकत नाहीत. मी कुणाशीही बोललो नव्हतो.

तुम्हाला वाटलं असेल, चोरी हीच माझी चूक. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण माणूस घाबरून चोरतो, हे एक वेळ समजून घेता येईल. तो फोन ठेवल्यावर मी जेवायला गेलो, आणि मला भूक लागली होती. याला काय म्हणायचं?

पुढच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा अप्पांच्या दुकानात गेलो. सगळं कबूल करायचं म्हणून गेलतो, की तिला काही कळलंय का ते बघायला? आज मला नक्की सांगता येत नाही. पोत्यांमागचं टेबल तिथं नव्हतं, तिथंही पोतीच रचली होती. अप्पांनी चहा मागवला. बोलता-बोलता म्हणाले, "यंदा टेम्पोचा पार खेळ झाला बघा. सोनाबाईच्या पाट्या दोन दिवस रस्त्याच्या कडंलाच. पिकून फुटल्या. म्हातारी फोनवर बोलायली अन् बोलायली, तिकडं ऐकायला कोणीच न्हाई." शिवकांता काउंटरवर औषधाच्या बाटल्या लावत होती. तिनं वर पाहिलं नाही.

अप्पा गिऱ्हाइकासोबत गोदामात गेले. तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, एक विचारू? त्या कंपनीवाल्यांचं बरोबरच असंल का?"

मला कळेना ती काय म्हणतेय.

"म्हणजे मला आठवतंय तसं ते मीच केलतं. पण तुमी रोज येत होता, समजावून सांगत होता. मला काय येत होतं तवा? लई इचार केला मी. त्यातलं बरंचसं तुमचंच असंल. मलाच उगं माझं वाटलं." आणि मग, माझ्याकडं सरळ बघत, "तसं असंल तर सांगा. मला वाईट न्हाई वाटणार. पण खरं काय ते कळंल."

रागानं विचारत नव्हती. टोमणाही नव्हता. तिनं वर्षभर वस्त्या पालथ्या घातल्या होत्या, आणि आता ते आपण केलं होतं का, हे ती मला विचारत होती. जगात हे विचारण्याजोगा एकच माणूस तिला माहीत होता, आणि तो मी होतो. दुकानात आम्ही दोघंच. गोदामातून अप्पांचा आवाज येत होता, ते गिऱ्हाइकाला पोती दाखवत होते. एवढी चांगली वेळ पुन्हा कधी येणार होती?

मी म्हणालो, "असं काही नाही गं. तू पण मेहनत केली होतीस."

तू पण.

तिनं मान हलवली. "बरं वाटलं, दादा," म्हणाली आणि उरलेल्या बाटल्या लावायला लागली. अप्पा परत आले. मी चहा संपवला.

ते काम शिवकांताचं होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी ते घेतलं, मॅडमनी विचारलं तेव्हा तिला चोर ठरवलं, आणि तिनं तोंडावर विचारलं तेव्हा तिच्या डोक्यातूनही ते काढून घेतलं. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. नोकऱ्या पुष्कळांच्या जातात, ते असं करत नाहीत. कंपनीत त्या कामावर अजून माझं नाव आहे. तिला हे अजून माहीत नाही. तुम्हाला आधी सांगितलं, हाही भित्रेपणाच.

दिवाळीची सुटी संपली. सोमवारी मी कामावर गेलो.